झेंड्यावरची पांढरी साळुंकी

झेंड्याला आधी नेफा लागतो, मग दोरी लागते आणि शेवटी वारा. अर्थ लागत नाही. अर्थ कोणीतरी माईकवर येऊन सांगतो, आणि तो सांगत असताना झेंडा बहुतेक वेळा खांबाला चिकटून लोंबत असतो, कारण चेन्नईत सकाळच्या कार्यक्रमाला वारा येत नाही. तो दुपारनंतर समुद्रावरून येतो, पाहुणे जेवून गेल्यावर. संपादकबाई म्हणाल्या, "मास्तर, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत संपली. त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन आम्ही बघू." तेव्हा यात जे शुद्ध असेल ते त्यांचं, बाकीचं माझं.

मी सोलापूरहून इथे आलो तेव्हा या शहराचं नाव मद्रास होतं आणि माझं काम पँटी शिवणं. मामाने बोलावलं होतं. येऊन पाहतो तर निम्मं शहर वेष्टी, म्हणजे पांढरी लुंगी, नेसून हिंडतंय. वेष्टीला शिंपी लागत नाही. उपास घडायची पाळी आली तेवढ्यात निवडणूक आली. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत एक माणूस रिक्षातून कापडाचे तागे उतरवत मला म्हणाला, "मास्टर, कोडी तैक्क तेरियुमा?" झेंडा शिवता येतो का. मी म्हटलं, येतो. आडवं कापड, चार बाजू, त्यात न येण्यासारखं काय आहे? त्यानंतर मी पँट शिवली नाही. माझी स्वतःचीही विकतच आणतो.

न येण्यासारखं बरंच होतं, ते नंतर कळलं. झेंड्याची खांबाकडची बाजू जाड असते, तिच्यात नेफा, नेफ्यात दोरी. तिला काही होत नाही. समोरची मोकळी बाजू दिवसभर वाऱ्याचे फटके खाते. झेंडा मरतो तो त्या बाजूने. आधी कोपऱ्यातला एक दोरा निघतो, मग टीप सुटते, मग कापड चिंध्या होत होत खांबाकडे सरकतं. इथल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. त्यावर औषध एकच. फाटलेलं कापून टाकायचं आणि आत नवी दुमड घालून टीप मारायची. झेंडा बोटभर आखूड होतो, पण जगतो. माणसाचं असं करता आलं असतं तर डॉक्टरांनी शिंप्यांकडे उमेदवारी केली असती.

चित्राचं त्याहून अवघड. छापलेला झेंडा एका बाजूने बघायचा असतो, मागून तो भिंतीला उडालेल्या रंगासारखा दिसतो. चांगल्या झेंड्यावर चित्राचा वेगळा तुकडा शिवतात. तो शिवला की झेंडा उलटा करायचा आणि चित्रामागचं मूळ कापड नखाएवढी कड ठेवून कापून काढायचं. मग चित्र दोन्हीकडून दिसतं. कात्री जरा पुढे गेली तर चित्रालाच भोक. हे काम माझी बायको इंदू करायची. मी टिपा मारायचो, ती कापायची. लग्नानंतर पहिल्या वर्षातच तिने माझ्या हातून ती कात्री काढून घेतली होती, आणि बरंच केलं.

इंदू कुंभकोणमची. तिचे लोक कधीच्या काळी तंजावरला आलेले मराठी, त्यामुळे तिची मराठी माझ्या आजीच्याही आजीची होती, वरून तमिळ चालीची. लग्नात माझे नातेवाईक म्हणाले, मुलगी बोलते छान, पण काय बोलते? तिचे नातेवाईक माझ्याबद्दल तेच म्हणत होते. आमची भांडणं त्यामुळे सुरुवातीला फार सौम्य झाली. नंतर दोघांनाही एकमेकांची भाषा आली.

गिऱ्हाइकं तर बघण्यासारखी. एकदा एका पक्षाची मोठी ऑर्डर तयार करून ठेवली आणि त्याच सकाळी तो पक्ष फुटला. दुकानात दोन माणसं आली. एक म्हणाला, झेंडा आहे तसाच द्या, खरे आम्हीच. दुसरा म्हणाला, अर्ध्यांच्या मध्ये पांढरा गोल घाला, खरे आम्ही. दोघं एकाच बाकावर बसून एकाच टपरीवरचा चहा पीत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. आम्ही अर्ध्यांना गोल घातले, मागचं कापड कापून. पुढच्या निवडणुकीच्या आत दोघांची दिलजमाई झाली, आणि तेच दोघं त्याच बाकावर येऊन म्हणाले, गोल काढा. मी म्हटलं, गोल काढला तर मागे कापड नाही, झेंड्याला खिडकी पडेल. इंदू आतून म्हणाली, "पडूं द्या. एकमेकांकडे बघावयास बरी." त्यांना मराठी येत नव्हती म्हणून ऑर्डर टिकली.

दुसरा एक गृहस्थ. त्याचा पक्ष म्हणजे तो आणि त्याचा मेहुणा. त्याला झेंड्यावर सिंह हवा होता, नारळाचं झाड हवं होतं, नांगर, पुस्तक आणि कोपऱ्यात आईचा फोटो. मी विचारलं, एवढं कोणाला दिसणार? तो म्हणाला, "जवळ येऊन बघतील." झेंडा जवळ येऊन बघायचा असता तर खांब कशाला लावला असता? तरी शिवून दिला. मतमोजणीनंतर मेहुण्याने सगळे झेंडे परत आणून टाकले आणि विचारलं, याचं काही होईल का. होतं. उशीचे अभ्रे होतात, स्कूटर पुसायची फडकी होतात. आमच्या घरातली पायपुसणी सर्वपक्षीय होती.

आता ज्या झेंड्यासाठी लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

तमिळनाडूतल्या मराठी मंडळांनी मिळून पूर्वी एक दक्षिण विभाग काढला. विभाग काढला की झेंडा आला. सगळी जाणती मंडळी जमली आणि रंगावर अडली. बाहेरच्यांना वाटेल, रंगावर काय अडायचं? इथे राहून बघा. या मुलखात रंग मोकळा सापडत नाही. कुठलेही दोन रंग शेजारी ठेवा, रस्त्यावरून जाणारा कोणीतरी मान वळवून म्हणतो, हे आमचे. मग त्याचा शत्रू मान वळवतो. साडीच्या काठालाही लोक विचारतात, कुठल्या पक्षाची? मंडळी दमली तेव्हा माझ्याकडे आली. इंदूने फळीवरून वांगी रंगाचा तागा काढला. तो एका होऊ घातलेल्या पुढाऱ्याचा होता, बायकोने पक्ष काढू दिला नाही म्हणून तसाच पडून राहिलेला. इंदू म्हणाली, "हा कोणाचाच नव्हे. घ्या."

चित्र काय? तिने साळुंकी काढली, कारण तिला दुसरं काही काढता येत नव्हतं. लहानपणी पाटीवर साळुंकीच काढायची म्हणे. मी म्हटलं, अगं, पांढरी साळुंकी कुठे असते? ती म्हणाली, "पांढरा तुकडा आहे आपल्याकडे." चोच हळदी रंगाची, कारण तोही तुकडा होता. झाला झेंडा. पहिल्या संमेलनात एका वक्त्याने अर्थ सांगितला. वांगी रंग म्हणजे राजवैभव. पांढरा म्हणजे निर्मळ मन. आणि साळुंकी जी भाषा शिकवाल ती बोलते, आपण मराठी लोक तसेच, दक्षिणेत मिसळलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदू मागच्या रांगेत माझ्या कानाशी म्हणाली, "उरला होता तागा, झालें राजवैभव."

खरं सांगायचं तर ती साळुंकी लांबून कोंबडी दिसायची. हॉलचा वॉचमन त्याला कोंबडीचाच झेंडा म्हणायचा. पण पाडव्याला आणि वार्षिक संमेलनाला तो चढायचा, उतरला की दुरुस्तीला आमच्याकडे यायचा, आणि इंदू त्याची मोकळी बाजू बघायची. उसवलेलं कापायची, दुमड घालायची, टीप मारायची. या झेंड्याला तिने मला कधी हात लावू दिला नाही. वर्षांमागून वर्षं तो आखूड होत गेला. साळुंकी आधी बरोबर मध्ये होती, शेवटी ती उडून जायच्या बेतात असल्यासारखी कडेला आली होती.

गेल्या वर्षी इंदू गेली. ताप, मग दवाखाना, मग नाही. भेटायला आलेले लोक म्हणाले, सुटली. मी विचारलं, कशातून? माझ्यातून का? मग लोक यायचे कमी झाले. मुलगा होसूरला असतो, तो म्हणाला, अप्पा, दुकान बंद करून आमच्याकडे या. मी म्हटलं, तिथे येऊन काय करू, तुमच्या सोफ्याला अभ्रे शिवू? राहिलो इथेच. झेंडे आता सगळे छापून मिळतात, दुकानात काम म्हणाल तर शेजाऱ्यांच्या पडद्यांचं.

संमेलनानंतर झेंडा नेहमीसारखा पिशवीतून दुरुस्तीला आला. कोपरा उसवला होता. मोकळ्या बाजूला इंदूची शेवटची दुमड होती, शेजारी शेजारी दोन टिपांची. दुरुस्ती करायची म्हणजे ती दुमड कात्रीने उतरवून खाली टाकायची. मी झेंडा टेबलावर पसरला, घडी केली आणि जसा आला तसा परत पाठवला. पाडव्याला तो फाटकाच चढला. त्या दिवशी मेला वारा सकाळीच आला. जेवणं होईपर्यंत चिंध्या वीतभर आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आमचे अध्यक्ष कुलकर्णी यांचा फोन. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, अजून प्रत्येक वाक्य सही करून दिल्यासारखं बोलतात.

"मास्तर, झेंड्याची अवस्था पाहिलीत ना? आता नवाच करू या. आणि या वेळी अर्थपूर्ण करू. रंगांना अर्थ, चिन्हांना अर्थ. तुम्ही तज्ज्ञ म्हणून समितीवर या."

"जुन्याचं काय?"

"जुन्याला निरोप."

मी समितीवर गेलो. कशाला गेलो ते स्पष्ट लिहितो: नवा झेंडा होऊ नये म्हणून. इंदूचं सगळं गेलं होतं. साड्या सुनेने वाटल्या, भांडी मुलीकडे गेली. वर्षातून दोनदा चार माणसांसमोर तिच्या हातचं काही वर चढत होतं ते एवढंच. ते असं माईकवरून निरोप देऊन खाली उतरवायचं, हे मला चालणार नव्हतं. आणि त्याला दुरुस्त करायला माझा हात होत नव्हता. दोन्ही एकत्र जमत नाही हे मलाही कळत होतं. पण समितीत कुठे सगळ्यांचं सगळं जमत असतं?

समितीत आम्ही चार. अध्यक्ष आणि मी. तिसरे गोविंदराव, तंजावरकडचे, इंदूसारखं जुनं मराठी बोलणारे, आयुष्यभर वकिली केलेली. चौथी अनघा, पुण्याहून इथे आलेली, पेरुंगुडीच्या कंपनीत कामाला. मोबाइलवर आपण जी बटणं दाबतो त्यांची चित्रं काढते म्हणाली. मी म्हटलं, तूच का ती? मला त्यातलं एकही सापडत नाही. ती हसली. राग आला नाही तिला, हे मला तेव्हाच गैरसोयीचं वाटलं.

अध्यक्षांनी घरून आराखडा आणला होता. वर भगवा, शौर्याचा. खाली हिरवा, भातशेतीचा. मधून निळी रेघ, कावेरीची. तिच्यावर किल्ला, किल्ल्यावर गोपुर, शेजारी वीणा. रेल्वेतले आणि कारखान्यातले सभासद नाराज होऊ नयेत म्हणून एक दातेरी चाक. बँकेसाठी काय, ते अजून ठरायचं होतं.

"यांत सांबार नाही," गोविंदराव म्हणाले.

"काय नाही?"

"सांबार. तंजावरच्या राजवाड्यांत आपल्या लोकांनीच केलें पहिलें. अस्के, अवघें जग खातें आज. मज विचाराल तर शौर्यापेक्षां तेंच टिकलें."

"गोविंदराव, झेंड्यावर सांबार कसं दाखवायचं?"

"वाटी काढा."

अनघा कॉफीच्या पेल्यात बघत होती. ती हसू दाबत होती, मी सुस्कारा. आईचा फोटो तेवढा राहिला होता.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मास्तर, शिवण्याच्या दृष्टीने?"

मी म्हटलं, "शिवता काय, काहीही येतं. पण वर भगवा, खाली हिरवा कोणाचा, माहीत आहे ना? आणि त्यात निळी रेघ आली की तो दुसऱ्यांचा होतो. त्यांच्यातून जे फुटले, त्यांचा. मिरवणुकीत धरला आणि वाटेत त्यांची माणसं भेटली, तर ते अर्थ विचारत बसत नाहीत."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. आयुष्यभर कोणाच्या अध्यात ना मध्यात राहून माणूस वर चढलेला. त्यांनी भगवा खोडला. मी हिरवाही कोणाचा ते सांगितलं. हिरवा खोडला. पुढच्या बैठकीत लाल आणि पिवळा आला. मी एक पक्ष सांगितला. निळा आणि पांढरा आला. मी मासेमारांची एक संघटना सांगितली. गुलाबी आला तेव्हा मला जरा वेळ लागला, पण तिरुनेलवेलीकडचा एक पक्ष आठवला.

"गुलाबी?" अनघाने विचारलं.

"तिकडची माणसं रंगेल," मी म्हटलं.

असे आम्ही उन्हाळाभर भेटलो. कॉफी चांगली असायची. मला वाटलं, असंच चाललं तर समिती कंटाळेल आणि पुढच्या संमेलनाला कोंबडी पुन्हा चढेल. या शहरात मी इतकी वर्षं पक्षांचे झेंडे शिवले, त्यांच्याकडून एवढं तरी शिकलोच होतो, की काम होऊ द्यायचं नसेल तर समितीवर जाऊन बसावं.

मग एक दिवस अनघा दुकानात आली. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. तिथे इंदू बसायची, पण हिला काय माहीत.

"काका, तुम्ही सांगितलेले पक्ष मी शोधले. बरेचसे सापडलेच नाहीत."

"बुडाले असतील."

"गुलाबीवाले कधी तरंगले होते का?"

मी पडद्याची टीप मारत राहिलो. कपाटावर झेंड्याची पिशवी होती. अध्यक्षांनी तो तात्पुरता माझ्याकडे ठेवला होता. तिने विचारलं, बघू का, आणि उत्तराची वाट न बघता काढून टेबलावर पसरला. चिंध्यांवरून हात फिरवला. मग साळुंकीवरून. मग उलटा करून बघितलं, मागचं कापड कसं कापलंय ते.

"ही नखाएवढी कड सगळीकडे सारखी आहे. हे तुम्ही केलं?"

"बायकोने."

"आणि ही बाजू दुरुस्त का नाही केली? तुमचं तर रोजचं काम."

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. सांगितलं. ही दुमड तिची शेवटची, ही कापल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि नवा झेंडा मला नको आहे. तीनच गोष्टी होत्या.

ती म्हणाली, "मग बैठकीत असं सांगायचं ना सरळ."

"काय सांगू? अध्यक्षांच्या तक्त्यात रंग, चिन्ह आणि अर्थ असे रकाने आहेत. अर्थ म्हणून काय लिहाल? टेलरची बायको?"

"लिहिलं असतं."

"अध्यक्षांनी त्याच्याशेजारी वीणा काढली असती."

ती हसली नाही. म्हणाली, "काका, मी तुमच्या बाजूने बोलेन. हाच झेंडा ठेवा म्हणेन, कोंबडीसकट. पण असा फाटका मी नाही चढवू देणार. तुम्ही तो दुरुस्त करून द्या, बाकीचं माझ्याकडे."

"आणि नाही केला तर?"

"तर मी एक नवा काढलाय. तो बैठकीत ठेवीन. आणि तुम्हाला सगळ्यांसमोर विचारीन, हे रंग मोकळे आहेत का. तुम्ही जे म्हणाल ते मी मानेन. नाही म्हणालात तर विषय संपला."

एवढं बोलून गेली. लबाड मुलगी. सासरी सगळ्यांना ताब्यात ठेवत असणार.

ती गेल्यावर मी कात्री घेतली. चिंध्या झालेली कड टेबलाच्या कडेला आणून धरली. इंदूची दुमड बरीचशी सुटली होती, तरी वरच्या बाजूला एक तुकडा अजून घट्ट होता, दोन टिपा एकमेकींना धरून. कात्री लावली आणि काढली. पुन्हा लावली नाही. झेंडा पिशवीत घातला. शहाण्या माणसाला यात काही कठीण दिसणार नाही. शहाण्या माणसाने स्वतःच्या घरातली अशी एक वस्तू घ्यावी आणि करून बघावं.

पुढच्या बैठकीत अनघाने कागद ठेवला. खांबाकडे चिंचेच्या गराचा तपकिरी पट्टा. बाकी सगळा तांदळाचा पांढरा, कपड्याच्या साबणाच्या जाहिरातीतला नव्हे. मध्ये ठिपके आणि त्यांच्याभोवती वळत जाणारी एकच रेघ, दारातल्या रांगोळीची. महाराष्ट्रातही चालेल आणि इथल्या कोलमलाही चालेल अशी. बस. ना किल्ला, ना चाक.

"चिंच आली," गोविंदराव चष्मा पुसत म्हणाले. "म्हणजे सांबार आलेंच. बेष."

अध्यक्ष म्हणाले, "तपकिरी म्हणजे भूमी. पांढरा म्हणजे अन्न, किंवा शांतता. रेघ म्हणजे अखंड परंपरा. अर्थ भरपूर निघतो यात." आणि मग ते घाबरून माझ्याकडे वळले. "मास्तर? कोणाचे आहेत का हे रंग?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मला फक्त एक नाव घ्यायचं होतं. रामनाथपुरमकडचा एखादा पक्ष, तपकिरी-पांढरा, एकदा आपटलेला. कोणी शोधायला गेलं नसतं. अनघाही गेली नसती, तिने शब्द दिला होता. आणि चिंच-तांदूळ हा झेंडा चांगला होता. लांबून दिसला असता, मागून-पुढून सारखा दिसला असता, शिवायला सोपा. आमच्या धंद्यात चांगलं कापड समोर आलं की हात आपोआप पुढे जातो, मग ते कोणाच्या कफनाचं का असेना. आणि दुकानात एक झेंडा होता, ज्याला मी ना जगवत होतो ना जाऊ देत होतो.

मी म्हटलं, "मोकळे आहेत. कोणाचे नाहीत."

अध्यक्षांनी सुटकेने दोनदा कॉफी मागवली.

नवा झेंडा मीच शिवला. दुसऱ्या कोणाकडे गेला असता तर छापून आला असता. रेघेच्या वळणावर मागचं कापड कापायला मला चार वेळा थांबावं लागलं. इंदू असती तर बोलता बोलता झालं असतं. एके ठिकाणी कात्री पुढे गेली, तिथे मी आणखी एक ठिपका शिवला. अनघाच्या कागदावर तो ठिपका नाही. तिने मोजले असतील तर बोलली नाही.

संमेलनाच्या दिवशी जुना उतरवला, शेवटचा. म्हणजे आधी फाटकाच चढवला आणि मग उतरवला, कारण अध्यक्षांच्या मते निरोपाला तसा अर्थ होता. फाटका चढवू देणार नाही म्हणणारी अनघाही त्या दिवशी आड आली नाही. दोरी माझ्या हातात दिली होती. मग नवा चढला. अध्यक्षांनी माईकवर भूमी, अन्न, शांतता आणि परंपरा सांगितली. गोविंदरावांनी मधूनच सांबार सांगितलं. वारा नव्हता. दुपारी आला तेव्हा झेंडा छान पसरला, दोन्हीकडून सारखा. हॉलचा वॉचमन खालून बघून मला म्हणाला, "मास्टर, बिस्किट मादिरि इरुक्कु." बिस्किटासारखा दिसतो. दिसतो खरा. अनघाला सांगितलं तर ती म्हणाली, "कोंबडीपेक्षा बरं." आम्ही दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन, कारण जबडा दुखला.

जुना झेंडा मी मजुरी म्हणून मागून घेतला. अध्यक्ष म्हणाले, कपाटात काच लावून ठेवू. मी म्हटलं, काचेत ठेवायला तो काय बँकेचा मॅनेजर आहे?

दुकानात आणला. वाटलं होतं, आता याला वारा लागणार नाही, राहील आहे तसा. तसं होत नाही, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. उसवलेलं कापड घडीतही उसवतच जातं. पिशवीतून काढला, ठेवला, पुन्हा काढला, दर वेळी दोरे हातात येत होते. एका सकाळी बघितलं तर चिंध्या साळुंकीच्या शेपटीपर्यंत पोचल्या होत्या. आता दुमड राखावी तर साळुंकी जाणार. दोन्ही तिचंच.

कात्री घेतली आणि कापलं. ती दोन टिपांची दुमड खाली पडली. हे उन्हाळ्यात केलं असतं तर आज तो खांबावर असता आणि मला हा लेख लिहायला विषय नसता. केलं नाही. नवी दुमड घातली, दोरा ओवला आणि टीप मारली. ती वरच्या कोपऱ्यात वाकडी गेली.

इंदूचं एक होतं. मी वाकडी टीप मारली की ती दुसरं काही बोलायची नाही. न बघता म्हणायची, "उसवा." आवाजावरून तिला कळायचं, मशीन कुठे अडखळलं ते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी "उसवा." मी चिडायचो, शिव्या घालायचो आणि उसवायचो.

ती टीप मी उसवली. पुन्हा मारली. तीही वाकडी गेली, पहिलीपेक्षा जरा कमी. मी मशीनवर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिलो. समोरच्या स्टुलावरून कोणी काही बोललं नाही. मग दोरा तोडला आणि ती टीप तशीच ठेवली.